आतली धूळ

आम्ही जुळी.
चाळिसाव्या दिवशी आईनं दोघांना देवळात नेलं.
पापा-लेफ्तेरिसनी भावाला उचललं,
चित्रांच्या भिंतीतल्या दारातून आत नेलं,
वेदीभोवती फिरवून आणलं. तो रडला म्हणे.
मला दारापुढच्या पायरीवर टेकवलं.
झोपली होतीस तू, आई सांगते,
जणू त्यानं काही फरक पडतो.

परवा भावाला विचारलं, आत काय होतं?
आठवत नाही, म्हणाला.

आमच्या बेटावर वारा उदंड, झाडं मोजकी.
बुडी मारून स्पंज काढायला गेलेली माणसं
निम्मी परततात. आसिमिनाचा नवरा
उरलेल्या निम्म्यांत.
शनिवारी रात्री ती केस बांधते,
कोपरापर्यंत हात धुते,
आणि मग कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.
लाकडी परातीत गव्हाचं पीठ,
आंबवण सासूच्या सासूपासून चालत आलेलं;
दर सप्टेंबरात, क्रुसाच्या सणाला,
तुळशीच्या नात्यातल्या एका झुडपाची डहाळी
टेकवून ते नवं करायचं.
मळताना ती पुटपुटते.
प्रार्थना असेल. मला तरी
वाण्याच्या उधारीचा हिशेब ऐकू येतो.

शिक्का पेअरच्या लाकडाचा.
मधोमध त्याचं नाव,
शेजारी एक मोठा त्रिकोण, तो आईचा.
पापा सुरीनं तो वेगळा कापतात,
चांदीच्या ताटलीत मानानं ठेवतात.
भाकर आत जाते. भाकर मळणारी
डावीकडच्या खांबापाशी उभी,
नखांत अजून कणीक.

विटाळाचे दिवस आले की परात जावेकडे जायची.
एक्कावन्नाव्या वर्षी ते दिवस थांबले.
आणखी दोन वर्षं वाट पाहून, खात्री करून,
पापा म्हणाले: आसिमिना,
आता झाडायला तू आत येत जा.
गावभर झालं. केवढा मान, आई म्हणाली.

मी वाटेतच गाठलं तिला.
काय आहे गं आत?
तिनं झाडू भिंतीला टेकवला.
धूळ, म्हणाली. आपल्या घरात असते तीच.
वेदीखाली जरा जास्त.
पुरुषांना वाकायची सवय नसते.

पास्का होऊन दुसऱ्या रविवारी
बायांची गोष्ट वाचतात. वाचणारा अर्थात पुरुष.
अंधारातच निघालेल्या त्या,
हातात सुगंधी तेलाच्या कुप्या,
आणि डोक्यात एकच घोर:
धोंड सरकवणार कोण?
तरी निघाल्या. हे मला फार आवडतं.
धोंडेचं उत्तर हाती नसताना निघाल्या.
आणि जे दिसलं ते धावत येऊन सांगितलं, तर
ऐकणाऱ्यांना ती बायकी बडबड वाटली.
या ओळीवर आसिमिना दरवर्षी खोकते.
एकदा माझ्या कानात म्हणाली,
कडी लावून बसले होते ना ते?
पापांनी वर पाहिलं. आम्ही दोघी
मेणबत्तीकडे बघत राहिलो.

या हिवाळ्यात तिची बोटं वळेनाशी झाली.
शिक्का माझ्या हातात दिला.
दाब, म्हणाली. अजून दाब. भाकर आहे, मूल नाही.
मग काडीनं टोचे मार, नाहीतर
भट्टीत फुगून आईचा त्रिकोण फाटतो.
पहिल्या खेपेला फाटलाच.
तो गोळा आम्ही ऑलिव्हबरोबर खाऊन टाकला.

वेदीखाली तिला एक बटण सापडलं होतं.
आईला वाटतं, भावाच्या दुपट्याचं असणार,
त्या चाळिसाव्या दिवशी गळलेलं.
चांगलं मोठं आहे, काळं, चार भोकांचं,
कुठल्या तरी थोराड माणसाच्या कोटाचं.
मी आईला काही बोलले नाही.
एप्रनला लावून टाकलंय.
बाकीच्या बटणांशी जुळत नाही.